अर्पणाची थैली आणि मंडळीचे स्वातंत्र्य

अंधेरीच्या पूर्वेला, जेथे आज सीप्झ नावाच्या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड जडजवाहीर घडविणारे आणि संगणकाची कामे करणारे कारखाने रात्रंदिवस चालतात, तेथे झाडांच्या गर्दीत एका पुरातन देवळाच्या भिंती छपराविना उभ्या आहेत. 1579 मध्ये जेझुइट धर्मगुरूंनी कोंडिविटे गावात उभारलेले हे संत योहान बाप्तिस्त याचे मंदिर. अडीचशे वर्षांहून अधिक काळ येथे घंटा वाजली, बाप्तिस्मे झाले, लग्ने लागली. आणि 1840 मध्ये साथीच्या रोगाने गाव उजाड झाल्यावर उपासकांनी आपला मुक्काम मरोळला हलविला. या भिंती पाहणाऱ्याच्या मनात प्रथम त्यांच्या वयाचा विचार येतो. मला त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा वाटतो, की हे देऊळ कोणाच्या पैशाने बांधले, कोणाच्या पैशाने चालले, आणि तो पैसा ज्याच्या घामाचा होता त्याला त्या देवळाच्या कारभारात काही शब्द होता काय? मुंबईच्या उपनगरांतील ख्रिस्ती मंडळ्या आज आपला खर्च कसा भागवितात, रविवारी फिरणाऱ्या अर्पणाच्या थैलीमागे कोणता विचार उभा आहे, हे समजून घेऊ इच्छिणाऱ्याने या प्रश्नापासूनच आरंभ करावा.

1534 च्या तहाने वसई आणि आजची ही उपनगरे ज्यावर वसली आहेत ते साष्टी बेट पोर्तुगिजांच्या ताब्यात गेल्यावर साष्टीवर देवळे झपाट्याने उभी राहिली. पोपने दिलेल्या अधिकारान्वये पोर्तुगालचा राजा आपल्या ताब्यातील मुलखाचा दशांश स्वतः वसूल करी, आणि त्याच्या मोबदल्यात धर्मगुरूंचे पोषण, देवळांची बांधणी व दुरुस्ती यांचा भार उचलणे हे त्याचे कर्तव्य ठरे. या व्यवस्थेला पाद्रोआदो म्हणत. शिवाय धर्मसंघांना गावेच्या गावे लावून दिलेली होती आणि त्यांच्या महसुलावर मठ व विद्यालये चालत. म्हणजे दशांश येथे होता; परंतु तो सरकारी अंमलदाराने खळ्यावरून उचललेला सारा होता. कुणबी, कोळी, भंडारी, सुतार अशा अनेक ज्ञातींतून ख्रिस्ती झालेला तो साष्टीकर देवळाला काही ‘अर्पण’ करीत होता असे म्हणणे धाडसाचे होईल. तो भात घालत होता, आणि देऊळ राजा चालवीत होता.

मग 1737 ते 1739 या काळात मराठ्यांनी साष्टी आणि वसई जिंकली. राजाचा खजिना दूर झाला, धर्मसंघांची गावे गेली, युरोपीय धर्मगुरू निघून गेले, आणि कित्येक देवळे ओस पडली. अशा वेळी हा धर्म या बेटावरून पुसला जाईल अशी अपेक्षा कोणी केली असती तर ती गैरवाजवी ठरली नसती. पण 1760 च्या सुमारास आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच पंडित साष्टीतून फिरला तेव्हा त्याला ख्रिस्ती लोक आपले सण उघडपणे, थाटाने साजरे करताना दिसले. एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि गावकऱ्यांनी मिळून उपासना राखली होती. उपनगरांच्या धार्मिक इतिहासातील हा क्षण मला फार मोलाचा वाटतो, कारण देऊळ राजाच्या आश्रयाने उभे राहते की उपासकांच्या आस्थेने, याची येथे प्रथमच कसोटी लागली.

त्या जुन्या शेतकरी जीवनाचा एक अवशेष अजून शाबूत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी या जुन्या ख्रिस्ती लोकांच्या, म्हणजे ईस्ट इंडियन समाजाच्या, गावठाणांत आगेरा साजरा होतो. भाताची पहिली कणसे वाजतगाजत देवळात आणतात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात आणि मग ती घरोघर वाटली जातात. कित्येक कुटुंबे ती घरातल्या वेदीपाशी वर्षभर ठेवतात. मरोळ, सहार, चकाल्याच्या शेतांवर विमानतळ, कारखाने आणि इमारती उभ्या राहिल्या, तरी कणसांचा मान चुकलेला नाही. ती गोराई-मनोरीकडून, वसईकडून, जेथून मिळतील तेथून आणली जातात. पहिले पीक देवाचे, ही भावना बायबलमधील प्रथमफळाच्या नियमाइतकी जुनी आहे, आणि नव्या भाताचे कणीस दाराला बांधणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला ती समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याचे शेत राहिले नाही असा मनुष्यही पहिल्या कणसासाठी देवळात येतो, यावरून देण्याची गोष्ट उत्पन्नाच्या आधी स्मरणाशी बांधलेली असते असे मला वाटते.

हा झाला कॅथलिक प्रवाह. आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळतो, तो मराठी भाषिक प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या भागांत राहणाऱ्या अनेक मराठी ख्रिस्ती कुटुंबांचे मूळ अहमदनगर, जालना, सोलापूर या जिल्ह्यांत सापडते. गिरण्या, रेल्वे, महापालिका, रुग्णालये आणि शाळा यांतील नोकऱ्यांसाठी ही माणसे मुंबईस आली. आरंभी भायखळा-परळच्या आसपास राहिली आणि पुढे संसार वाढल्यावर उपनगरांत सरकली. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मागे जो धार्मिक वारसा आहे तो 1813 मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनचा. या मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, 1842 पासून ‘ज्ञानोदय’ चालविला. महाराष्ट्राच्या सामाजिक जीवनावर त्याचे ऋण मोठे आहे. परंतु पैशाच्या बाबतीत त्याने एक गाठ मारून ठेवली, जी सोडविण्यास पुढच्या तीन-चार पिढ्या खपल्या.

ती गाठ अशी. पाळक, उपदेशक, शिक्षक, बायबल वाचून दाखविणारी बाई, सर्वांचा पगार मिशनच्या तिजोरीतून होई, आणि ती तिजोरी अमेरिकेतल्या देवळांत जमणाऱ्या नाण्यांनी भरे. नवख्रिस्ती मनुष्य बहुधा दरिद्री असे. बाप्तिस्मा घेतल्याने जातीचा आधार तुटलेला, कित्येकदा वतन गेलेले, गावकीचे बलुते बंद झालेले. त्याला वर्गणी कशी मागावी, हा मिशनऱ्यांचा संकोच मी समजू शकतो. पण ज्याचा पगार मिशन देते तो पाळक मिशनला जबाबदार असतो, मंडळीला नव्हे. आणि ज्या मंडळीला आपल्या पाळकाचा पगार द्यावा लागत नाही तिला त्याला प्रश्न विचारण्याचा हक्कही मनापासून वाटत नाही. या मिशनच्या पाठीशी असलेल्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी हे दूरवरून ओळखले होते. प्रत्येक एतद्देशीय मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः पाहावा, स्वतःचा खर्च स्वतः सोसावा आणि स्वतःच्या बळावर वाढावे, असा त्यांचा आग्रह होता. इंग्लंडमधील एका मिशनचे चिटणीस हेन्री व्हेन हेही तेच सांगत होते. 1854 च्या अखेरीस अँडरसन मुंबई आणि अहमदनगरच्या पाहणीस आले, आणि त्याच सुमारास हरिपंत खिस्ती व रामकृष्णपंत मोडक या दोघांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. कारभाराचा पहिला अंश असा एतद्देशीयांच्या हाती आला. खर्चाचा अंश येण्यास मात्र फार काळ लागला.

मुंबईतच एका मनुष्याने या गाठीवर निराळ्या मार्गाने घाव घातला. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी जानेवारी 1848 मध्ये येथे आला आणि वर्षभराच्या आत त्याच्या ध्यानी आले, की बंगल्यात राहून पगार घेणाऱ्या गोऱ्या उपदेशकाच्या बोलण्यावर बाजारातला मनुष्य विश्वास कसा ठेवील? त्याने मिशनचा पगार सोडला, वस्तीत एक साधी खोली घेतली, शिकवण्या करून आणि पुढे ‘बॉम्बे गार्डियन’चे संपादन करून निर्वाह केला, आणि 1888 मध्ये मुंबईतच देह ठेवला. मायदेशी परत गेलाच नाही. त्याच्याच काळात, 1871 मध्ये, विल्यम टेलर हा मेथडिस्ट प्रचारक मुंबईस आला. बोवेन पुढे त्याच्या मेथडिस्ट मंडळीला जाऊन मिळाला. टेलरचा नियम कडक होता: परदेशी संस्थेच्या खजिन्यातून एक पैसा घ्यावयाचा नाही, मंडळीचे सभासद जे देतील त्यावर काम चालवायचे. त्याच्या मंडळीत बहुतांशी इंग्रजी बोलणारे अँग्लो-इंडियन व युरोपीय नोकरदार होते हे खरे, आणि पगारदारांच्या मंडळीला जे साधले ते दुष्काळात होरपळणाऱ्या नगरी शेतमजुरांना साधले नसते हेही खरे. तरीसुद्धा, या शहरातील एक मंडळी आपल्या सभासदांच्या वर्गणीवर उभी राहू शकते, एवढे त्याने दाखवून दिले.

मेथडिस्टांच्या घराण्यात ही शिस्त मूळपासूनचीच. 1742 मध्ये ब्रिस्टल येथे उपासनागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे ठरले, आणि ज्याला तेवढेही जमत नाही त्याच्या वतीने गटाच्या प्रमुखाने भरावी. ही पेनी गोळा करण्याच्या निमित्ताने प्रमुख घरोघर जाऊ लागला. कोण आजारी आहे, कोण दारूच्या आहारी गेला आहे, कोणाच्या घरी चूल पेटत नाही, हे त्याला कळू लागले. आणि मेथडिस्टांचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांच्या साऱ्या चळवळीचा कणा ठरलेले आत्मिक गट या वर्गणीच्या फेरीतून जन्मले. पैसा मागण्यासाठी गेलेला मनुष्य माणसाची विचारपूस करून परत येतो, हे मला या विषयातले सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण वाटते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला काव्याची आणि वैराग्याची धार आली ती नारायण वामन टिळकांमुळे. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने मिशनची नोकरी पुष्कळ वर्षे केली. पण 1917 मध्ये पगार सोडून, संन्यस्त वृत्तीने, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा करण्याच्या उद्योगास ते लागले. दोनच वर्षांनी मृत्यूने गाठल्याने तो दरबार पूर्णत्वास गेला नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला माहीत आहे, की टिळकांच्या हाती आलेला पैसा टिकत नसे आणि त्या औदार्याची किंमत लक्ष्मीबाईंना संसारात मोजावी लागे. दात्याचे कौतुक करताना त्याच्या घरातल्या माणसांचा विसर पडू नये, एवढे त्या पुस्तकाने मराठी वाचकाला कायमचे शिकविले आहे.

देशभरही हाच विचार वाढत होता. 1905 च्या नाताळच्या दिवशी बंगालमधील श्रीरामपूर (सेरामपूर) येथे स्थापन झालेल्या नॅशनल मिशनरी सोसायटीने माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्था भारतीय हे धोरण स्वीकारले. तिचे एक प्रवर्तक व्ही. एस. अझरय्या यांनी पुढे दोर्नाकलचे बिशप असताना ख्रिस्ती दानधर्मावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. मिझोरममध्ये 1910 च्या सुमारास ‘बुहफाई थाम’ ही प्रथा सुरू झाली: घरची स्त्री दोन वेळच्या स्वयंपाकाचे तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूला ठेवते, ते तांदूळ मंडळीकडे जमा होतात, आणि त्यांच्या विक्रीतून कित्येक कामे चालतात. रोख रक्कम जिच्या हाती कधी येत नाही तिलाही दात्री होता येते, हे या प्रथेचे थोरपण. मग 1929 नंतरच्या जागतिक मंदीत अमेरिकेतून येणारा ओघ आटला, आणि विचाराने जे पुरते साधले नव्हते ते परिस्थितीने साधू लागले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे सहा संप्रदाय एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले, तोवर मिशनऱ्यांचे दिवस सरले होते.

आता या देण्याच्या मुळाशी असलेली श्रद्धा थोडक्यात सांगतो, कारण ती समजल्यावाचून पुढील व्यवहार कोरडा वाटेल. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे मनुष्य कशाचाच मालक नाही. आयुष्य, आरोग्य, बुद्धी, वेळ, पैसा हे सारे धन्याने त्याच्या स्वाधीन केलेले आहे आणि तो केवळ कारभारी आहे. धनी परगावी जाताना दासांच्या हाती रकमा देऊन जातो आणि परत आल्यावर हिशेब मागतो, हा येशूचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. जुन्या करारात दशांशाची आज्ञा आहे. नव्या करारात आकडा मागे पडतो आणि वृत्ती पुढे येते. मंदिराच्या भांडारात श्रीमंतांनी घातलेल्या रकमांपेक्षा विधवेची दोन नाणी येशूने अधिक मानली, कारण ती तिची सारी उपजीविका होती. पौलाने करिंथकरांना सांगितले, की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी आपल्या प्राप्तीच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावे. आणि यरुशलेमच्या गरिबांसाठी जमलेला तो निधी पोहोचविताना त्याने आपल्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे घेतली, एवढी मोठी रक्कम हाताळताना कोणी आपल्यावर बोट ठेवू नये म्हणून. हे शेवटचे कलम उपदेशांत क्वचित ऐकू येते. प्रेषित म्हणून ज्याचा शब्द प्रमाण होता त्या पौलाला जर हिशेबात साक्षीदार लागले, तर आजच्या कोणत्या पाळकाला, बिशपला वा खजिनदाराला ते नकोसे वाटावेत?

उपनगरांतली एखादी मराठी मंडळी साधारणपणे अशी जन्माला येते. चार-सहा कुटुंबे एकाच्या घरी संध्याकाळच्या प्रार्थनेला जमू लागतात. जागा अपुरी पडते. मग एखाद्या शाळेचा वर्ग किंवा सभागृह रविवारच्या सकाळपुरते भाड्याने घेतात. पेटी, तबला, गीतांची पुस्तके, प्रभुभोजनाची पात्रे कोणाच्या तरी घरी ठेवलेली असतात. मंडळीला स्वतःची इंचभर जमीन नसते, आणि मुलुंड-बोरिवलीच्या आजच्या भावांनी ती लवकर होण्याची आशाही नसते. जे काही आहे ते सभासदांच्या वर्गणीत. त्यातून भाडे, विजेचा खर्च, पाळकाचे मानधन, रविवारच्या शाळेचे साहित्य आणि वरिष्ठ संस्थेकडे पाठवावयाचा वाटा काढावा लागतो. उरले तर आजाऱ्याच्या औषधाला आणि विधवेच्या मुलाच्या फीला. शहराच्या मध्यभागी मिशनने बांधून दिलेली दगडी देवळे, बंगले आणि आवारे ज्यांच्या वाट्याला आली त्या मंडळ्यांचा मी अनादर करीत नाही. परंतु त्यांच्यापैकी काहींची शक्ती मिळकतीच्या वादांत आणि कोर्टकचेऱ्यांत खर्ची पडलेली पाहिली, की भाड्याच्या वर्गात भरणाऱ्या या गरीब मंडळ्याच स्वावलंबनाच्या खऱ्या वारस आहेत असे माझे मत होते.

अर्पणाचे प्रकारही जाणून घेण्यासारखे आहेत. उपासनेत गीत चालू असताना कापडी थैली ओळीओळीतून फिरते. ते सामान्य अर्पण, आणि त्यात कोणी काय घातले हे शेजाऱ्यालाही कळू नये अशीच तिची रचना. महिन्याची वर्गणी किंवा दशांश क्रमांक घातलेल्या लिफाफ्यातून देतात आणि तिची पावती मिळते. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, मुलाची नोकरी, शस्त्रक्रियेतून सुटका, अशा निमित्ताने उपकारस्तुतीचे अर्पण येते. हंगामाच्या सणाला भाजी, नारळ, धान्य, कोंबड्या, घरी केलेली लोणची असे काहीबाही वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकाच भोपळ्याला दोघे हितचिंतक हट्टाने चढाओढ करून बाजारभावाच्या दसपट किंमत आणतात, आणि त्या हसण्या-ओरडण्यात मंडळीची दुरुस्तीची नड भागते. खेड्यातून आणलेली ही रीत तेराव्या मजल्यावर राहणाऱ्या पिढीनेही प्रेमाने जपली आहे.

उपासना संपली की खरे काम सुरू होते. सुव्यवस्थित मंडळीत थैल्या एकट्याने उघडत नाहीत. निदान दोघे-तिघे, आणि तेही शक्यतो एकाच कुटुंबातले नव्हेत, टेबलावर रक्कम ओततात, नोटा आणि नाणी निराळी करतात, आकडा वहीत लिहितात आणि खाली सर्वांच्या सह्या होतात. पैसा बँकेत जातो. त्यातूनच परस्पर खर्च करावयाचा नाही, हा नियम पाळला की निम्मे तंटे उद्भवतच नाहीत. अलीकडे भिंतीवर मोबाइलने पैसे पाठविण्याचा चौकोनी संकेत लागला आहे. त्यामुळे हिशेब चोख राहतो हा लाभ निर्विवाद; पण आईच्या हातून नाणे घेऊन थैलीत टाकणारे मूल हळूहळू दिसेनासे होत आहे. पालकांनी मुलांच्या हाती आठवड्याला काहीतरी द्यावेच, कारण देण्याचा संस्कार डोळ्यांनी पाहून आणि हातांनी करूनच लागतो.

कॅथलिक धर्मग्रामांत व्यवस्था अधिक मोठी आणि नियम अधिक रेखीव आहेत. मिस्सातील अर्पण, मिस्साच्या हेतूसाठी दिलेली दक्षिणा, सणाच्या देणग्या, आणि ठरावीक रविवारी विशिष्ट कार्यासाठी होणारी गोळाबेरीज, जसे 1926 मध्ये ठरविलेला आणि ऑक्टोबरमध्ये पाळला जाणारा मिशन रविवार. 1983 च्या धर्मसंहितेने प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे असे बंधन घातले, आणि एका हेतूसाठी दिलेला पैसा दुसऱ्या हेतूला वळविता येणार नाही असेही स्पष्ट सांगितले. छपरासाठी दिलेल्या रुपयाने मंडप सजविता येत नाही. 1833 मध्ये पॅरिसला स्थापन झालेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल संस्थेच्या शाखा अनेक धर्मग्रामांत आहेत. त्यांच्या बैठकीत सभासद आपापसांतच गुप्त थैली फिरवितात आणि मग दोघेदोघे मिळून गरिबांच्या घरी जातात. पैसा पाठवून भागत नाही, पायांनी जावे लागते, हा त्यांचा दंडक मला वंदनीय वाटतो.

दोषांविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. काही ठिकाणी दशांश हा धाकाचा विषय झाला आहे. न दिल्यास घरात आजार येईल, नोकरी जाईल असे सुचविले जाते, आणि याच्याच दुसऱ्या बाजूला, जितके द्याल त्याच्या शतपट देव परत करील असे आश्वासन देऊन कर्जबाजारी माणसाकडून शेवटची नोट काढून घेतली जाते. हा ख्रिस्ती दानधर्म नव्हे. भुकेल्या घरातून आलेला दहावा हिस्सा घेऊन निश्चिंत राहणारी मंडळी विधवेच्या दोन नाण्यांची गोष्ट उलटी वाचते. ज्या प्रसंगी येशूने त्या विधवेकडे शिष्यांचे लक्ष वेधले त्याच्या लगेच आधी त्याने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना दोष दिलेला आहे. चार घरची धुणीभांडी करून महिन्याकाठी थोडके मिळविणाऱ्या मावशीने दहावा भाग दिला तर तिच्या ताटातली भाकरी कमी होते, आणि मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याने तितकाच भाग दिला तर त्याच्या ताटाला काही कळतही नाही. म्हणून समान टक्केवारीला समान त्याग समजू नये. देणाऱ्यांची नावे व रकमा वेदीवरून वाचून दाखविण्याची चाल तर ताबडतोब बंद व्हावी. ती मोठ्या दात्याला अहंकार देते आणि लहान दात्याला मान खाली घालावयास लावते.

कायद्याची बाजूही उपासकाने जाणली पाहिजे. 1950 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या न्यासाला जमाखर्च ठेवावा लागतो, तो लेखापरीक्षकाकडून तपासून घ्यावा लागतो, आणि स्थावर मिळकत विकणे वा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे झाल्यास कलम 36 अन्वये धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पुनर्विकासाच्या या काळात, देवळालगतच्या मोकळ्या जागेकडे बांधकाम व्यावसायिकांचे लक्ष असताना, हे एक कलम प्रत्येक सभासदाला तोंडपाठ असावे. केवळ धार्मिक कार्यासाठी दिलेल्या देणगीवर आयकरात सामान्यतः सवलत मिळत नाही. दात्याच्या हाती पावतीखेरीज काही येत नाही. तिऱ्हाइताला ही गैरसोय वाटेल. मला ती या अर्पणाची शुद्धता राखणारी वाटते, कारण ज्याला त्यातून काही वाचवायचे नाही तोच ते देतो.

आणि म्हणून त्या पावतीचे मोल वाढते. ज्याचे नाव सभासदांच्या यादीत आहे त्याला वार्षिक सभेत जमाखर्च पाहण्याचा, प्रश्न विचारण्याचा आणि समाधान न झाल्यास पुन्हा विचारण्याचा अधिकार आहे, मग त्याची वर्गणी वीस रुपयांची असो वा वीस हजारांची. पुष्कळ मंडळ्यांत हा जमाखर्च इंग्रजीत छापला जातो आणि सभेच्या दिवशीच हाती पडतो. आकड्यांच्या त्या दाट रांगांवरून नजर फिरेपर्यंत तो मंजूरही झालेला असतो. याला उपाय सोपा आहे. दर महिन्याचा हिशेब स्वच्छ मराठीत, ठळक अक्षरांत, देवळाच्या किंवा भाड्याच्या वर्गाच्या दाराशी लावावा: किती जमले, पाळकसाहेबांना किती दिले, भाड्याचे किती, वरिष्ठ संस्थेकडे किती गेले, गरिबांसाठी किती काढले आणि शिल्लक किती उरली. गरिबांच्या रकान्यात लाभलेल्याचे नाव लिहू नये, आकडा मात्र लिहावाच. आणि ज्या महिन्यात तो आकडा शून्य असेल त्या महिन्यात तो शून्यही तेथे सर्वांना दिसावा.